ऐरणीवर घडलेली मोटार

स्मरणिकेतील इतिहासविषयक लेख म्हटला म्हणजे तो आपल्या ज्ञातीच्या मूलस्थानाविषयी, कुलांच्या स्थलांतराविषयी अथवा एखाद्या पेठेतील जुन्या आळीविषयी असावयाचा, असा वाचकांचा समज असतो. आणि तो वावगा नाही. यंदा मात्र प्रस्तुत लेखकाने ज्ञातिबंधुभगिनींस सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया प्रांतात नेण्याचे योजिले आहे. तांब्यापितळेचा सपाट पत्रा ठोकून त्यास गोलाई देणे हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांस त्या दूरदेशीच्या कारागिरीची हकिकत परकी वाटणार नाही, अशी खात्री आहे. तेथील कारागिरांच्या हातून हंडे वा घागरी घडल्या नाहीत, मोटारी घडल्या. त्या मोटारींस तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात.

हॉट रॉड म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारखान्यातून निघालेली जुनी, स्वस्त मोटार घ्यावयाची. तिच्या अंगावरील अनावश्यक भार उतरवावयाचा. इंजिनाचा जोर वाढवावयाचा. आणि तिचे पत्र्याचे शरीर कापून, दाबून, नव्याने घडवून ती अशी करावयाची की तिच्यासारखी दुसरी पृथ्वीच्या पाठीवर सापडू नये. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी एकाच साच्यातून काढल्या. एका मालकाची गाडी दुसऱ्याच्या गाडीपासून ओळखू येऊ नये, हीच त्या उत्पादनपद्धतीची सिद्धी होती. या सारखेपणाविरुद्ध हातोडीने केलेले बंड म्हणजे हॉट रॉड, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गंमत अशी की, हे बंड शक्य झाले तेही फोर्ड यांच्याच स्वस्ताईमुळे. दीड कोटी गाड्या निघाल्या म्हणूनच त्या भंगारात अल्प मोलाने मिळू लागल्या आणि हाती फारसा पैसा नसलेल्या तरुणास त्यांवर करवत चालविण्याचे धैर्य झाले.

लॉस एंजेलिस शहराच्या ईशान्येस मोहावे नावाचे वाळवंट आहे. त्यात मुरॉक, एल मिराज अशी सरोवरे आहेत. सरोवरे म्हणावयाची एवढेच, कारण वर्षाचा बहुतेक काळ ती कोरडी ठणठणीत असतात आणि त्यांचा मातीचा तळ मैलोगणती सपाट पसरलेला असतो. १९२० व १९३० च्या दशकांत शहरातील तरुण आपल्या गाड्या घेऊन तेथे जात व कोणाची गाडी ताशी किती मैल धावते याची परीक्षा घेत. १९३७ साली निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली आणि वेग मोजण्यास शिस्त आली. तत्पूर्वी, १९३२ साली, फोर्ड यांनी सर्वसामान्यांच्या आवाक्यातील पहिले आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन बाजारात आणले होते. ६५ अश्वशक्तीची ती उघडी ‘रोडस्टर’ गाडी ४६० डॉलरांस मिळे. तिचे चासीचे उघडे दिसणारे डौलदार पाखे व तिची आटोपशीर ठेवण यांमुळे १९३२ ची फोर्ड ही या कलेत जवळजवळ दैवतस्थानी जाऊन बसली, ती आजतागायत.

वेगाचे दोन शत्रू : एक वजन व दुसरा वारा. वजनावर उपाय सोपा होता. मडगार्ड काढा, बॉनेट काढा, मागील आसन काढा. काढून टाकण्यास हत्यार लागते, कला लागत नाही. परंतु वाऱ्याशी झुंजावयाचे तर गाडीचा आकार बदलला पाहिजे, आणि आकार बदलावयाचा तर पत्रा घडविता आला पाहिजे. येथून आपल्या परिचयाच्या विद्येस आरंभ होतो.

ही विद्या त्या तरुणांस कोठून मिळाली? एक उगम लोहाराच्या भट्टीत आहे. फ्रँक कर्टिस यांचा जन्म १९०८ साली कोलोराडो प्रांतातील क्रेस्टेड ब्यूट या खाणगावी झाला. आईबाप क्रोएशियातून आलेले, बाप लोहार. लॉस एंजेलिस येथे डॉन ली यांच्या कारखान्यात श्रीमंतांच्या मोटारींस हातांनी शरीरे घडवीत. तेथे कर्टिस कोवळ्या वयात कामास लागले. पुढे त्यांनी ‘कर्टिस-क्राफ्ट’ ही स्वतःची कर्मशाळा काढली. इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांची जगद्विख्यात शर्यत १९५०, १९५१, १९५३, १९५४ व १९५५ या वर्षी त्यांनीच घडविलेल्या गाड्यांनी जिंकली. लोहाराच्या मुलाने आपल्या बापाची ऐरण कोठवर नेली, याचे यापरते उदाहरण कोणते द्यावे!

दुसरा उगम महायुद्धात आहे. बरबँक येथे लॉकहीड, सँटा मोनिका येथे डग्लस असे विमानांचे प्रचंड कारखाने त्या एका परिसरात एकवटले होते. ॲल्युमिनियमचा पत्रा कापणे, वाकविणे, रिव्हेटने जोडणे ही कामे तेथे हजारो हातांनी शिकून घेतली. युद्ध संपले, हात मोकळे झाले, विमानांचे सुटे सामान भंगाराच्या भावाने विकले जाऊ लागले. लढाऊ विमानाच्या पंखांखाली जादा इंधनाची जी टाकी टांगीत, तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, वाऱ्यास मुळीच न अडविणारा. युद्धकाळात पॅसिफिक महासागरात नोकरीस असलेल्या बिल बर्क यांची दृष्टी या टाक्यांवर पडली, आणि १९४६ साली त्यांनी अशाच एका टाकीच्या पोटात इंजिन व चालक बसवून ती कोरड्या सरोवरावर पळविली. त्याच वर्षी सैन्यातून मुक्त झालेल्या ॲलेक्स झिडियास यांनी बरबँक येथे ‘सो-कॅल स्पीड शॉप’ हे दुकान थाटले. त्यांची ‘पी-३८’ विमानाच्या टाकीपासून केलेली गाडी १९५२ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांपर्यंत पोहोचली. जी वस्तू संहाराकरिता घडली होती, ती खेळाकरिता कामास आली. एरव्ही भंगाराच्या ढिगात तिचा शेवटच व्हावयाचा.

याच दुकानाकरिता एक संपूर्ण सुव्यवस्थित, माशासारख्या अंगाची गाडी तयार झाली. तिचे ॲल्युमिनियमचे शरीर बरबँकमधीलच ‘व्हॅली कस्टम’ या कर्मशाळेचे नील एमरी व क्लेटन जेन्सन यांनी घडविले. हे दोघे नात्याने एकमेकांचे मेहुणे. १९५० साली त्या गाडीने ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली.

आता प्रत्यक्ष पत्र्याच्या कामाकडे वळू. सपाट कागद चेंडूवर गुंडाळून पाहिला तर कडांस सुरकुत्या पडतात, हे मुलांसही ठाऊक असते. पत्रा एकाच दिशेने वाकविणे हे नळकांडे करण्याइतके सोपे. परंतु दोन्ही दिशांनी गोलाई आणावयाची तर पत्र्याच्या मध्यभागी धातू पसरविला पाहिजे, अथवा कडेस तो आकसविला पाहिजे. तिसरा मार्ग नाही. पसरविण्याकरिता चामड्याची वाळूने भरलेली पिशवी किंवा झाडाच्या बुंध्यात कोरलेला खळगा घेतात व त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. आकसविण्याची तऱ्हा अधिक मनोहर आहे. पत्र्याच्या कडेस मोदकास पाडतात तशा कळ्या पाडावयाच्या. मात्र मोदकाच्या कळ्या शोभेस ठेवावयाच्या असतात, येथे त्या टोकाकडून आत हळूहळू ठोकून मोडावयाच्या, म्हणजे कळीत सापडलेला धातू आपल्यातच जिरतो, कड जाड होते आणि मध्यभाग आपोआप फुगून वर येतो. कळीचे तोंड उघडे राहिले तर सारा श्रम वाया. आणि ती एकावर एक दुमडली तर पत्रा चिरतो.

यानंतर ते खडबडीत ओबडधोबड अंग ‘इंग्लिश व्हील’ नावाच्या यंत्रावर घेतात. यंत्र म्हणावयाचे, पण त्यास ना वाफ ना वीज. एका मोठ्या लोखंडी कमानीत वर एक सपाट चाक, खाली एक गोलसर चाक. दोहोंच्या चिमटीत पत्रा धरून हातांनी पुढेमागे सरकवावयाचा. प्रत्येक फेरीत केसभर धातू पसरतो व हातोडीचे डाग निघतात. एका मडगार्डास अशा हजारो फेऱ्या लागतात. कारागीर मधूनमधून डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवितो, कारण डोळ्यांस न दिसणारा उंचवटा हातास लागतो. आपल्या आळीतील वृद्ध कारागीर घागरीचे पोट चाचपून पाहत, त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

ठोकलेला धातू कठीण होत जातो व मग तडकतो. तो पुनः तापवून नरम करावा लागतो, हे तांब्याचे काम करणाऱ्यांस सांगणे नको. तांबे तापले की रंगावरून कळते. ॲल्युमिनियमची खोडी अशी की ते वितळण्याच्या घटकेपर्यंत रंग बदलीत नाही. पाहता पाहता पत्र्यास भोक पडते. यावर कारागिरांनी काढलेली युक्ती मोठी चतुर आहे. ॲसिटिलिन वायूची धुरकट ज्योत करून प्रथम पत्र्यावर काजळी धरावयाची. मग ज्योत स्वच्छ करून ती पत्र्यावरून फिरवावयाची. ज्या क्षणी काजळी जळून नाहीशी होते, त्या क्षणी धातू नरम होण्यापुरता तापला असे समजून ज्योत दूर न्यावयाची. उष्णतामापक यंत्राचे काम काजळी करते!

कापण्याजोडण्याच्या क्रियांपैकी सर्वांत प्रसिद्ध क्रिया म्हणजे गाडीचा टप खाली आणणे. खांब तीनचार इंच कापावयाचे व टप पुनः त्यांवर बसवावयाचा, एवढेच ऐकून कोणी म्हणेल की यात काय मोठेसे? परंतु खांब उभे सरळ नसतात. ते वर जाताना आत कलतात. मधला तुकडा काढून टाकला की खालची बैठक रुंद व वरचा टप अरुंद, असे होते आणि टोकास टोक मिळत नाही. मग टप उभाआडवा चिरून त्यात पट्ट्या भरावयाच्या, अथवा खांबांचा कल बदलावयाचा. दारे, काचा, काचांच्या चौकटी, सर्वांचे हिशेब नव्याने करावयाचे. १९३० च्या सुमाराच्या चौकोनी गाड्यांवर हे फारसे अवघड नव्हते. १९४९ सालच्या फुगीर, गोलसर अंगाच्या ‘मर्क्युरी’ गाडीवर ते करणे म्हणजे कसोटीच. सॅम बॅरिस यांनी स्वतःच्या गाडीवर ते करून दाखविले, आणि त्या गाडीची रेषा पुढे शेकडो जणांनी गिरविली. जाणकार अशा गुळगुळीत गाड्यांस ‘कस्टम’ म्हणतात व हॉट रॉडहून निराळ्या मानतात. पण हातोडी दोहोंस एकच.

हे सांधे लपविण्याकरिता त्या काळी शिसे वापरीत, आणि येथे तर आपल्या घरचीच क्रिया भेटते. उघड्या पोलादावर शिसे धरीत नाही. म्हणून प्रथम पोलाद घासून, तापवून त्यावर कथिलाचा हात द्यावा लागतो. ही कल्हईच नव्हे काय? मग सत्तर भाग शिसे व तीस भाग कथील अशा मिश्रणाची कांडी तापवितात. हे मिश्रण एकदम पातळ होत नाही. सुमारे १८३ ते २५५ अंश सेल्सिअसपर्यंत ते लोण्यासारखे राहते. तेवढ्या अवकाशात मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ते सांध्यावर सारवावयाचे व निवाल्यावर कानशीने उतरवावयाचे. शिशाची धूळ विषारी. म्हणून ते घासीत नाहीत, कानशीनेच उतरवितात. सॅम आणि त्यांचे बंधू जॉर्ज यांच्या कर्मशाळेतून अशी कामे पुष्कळ निघाली. त्यांपैकी १९५१ सालची एक मर्क्युरी १९५२ मध्ये बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाकरिता सजविली गेली, आणि २०२२ साली झालेल्या लिलावात तिला सुमारे वीस लक्ष डॉलर आले.

एवढ्या कौशल्याचा लौकिक मात्र आरंभी वाईटच होता. शहरातील रस्त्यांवर रात्री अपरात्री शर्यती लावून स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालणारी पोरे, अशी हॉट रॉडवाल्यांची प्रतिमा होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. समाजाच्या दृष्टीत बदल घडविण्यास संघटना उपयोगी पडली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ मासिक काढले व त्याच महिन्यात लॉस एंजेलिस येथे या गाड्यांचे प्रदर्शन भरले. १९४९ पासून बॉनव्हिल येथे वार्षिक वेगसप्ताह सुरू झाला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संस्था स्थापून शर्यती रस्त्यांवरून बंदिस्त धावपट्ट्यांवर नेण्याचा उद्योग आरंभिला. १९५० साली ओकलंड येथील प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट रोडस्टरचे पारितोषिक बिल नीकँप यांच्या १९२९ च्या फोर्डला मिळाले. तिचे नाकाड व पोटाखालचा संपूर्ण पत्रा व्हाइटी क्लेटन यांनी हातांनी घडविला होता.

या वाक्यात एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. पारितोषिक नीकँप यांचे. पत्रा क्लेटन यांचा. गाडी ओळखली जाते ती मालकाच्या नावाने. ‘हिरोहाटा मर्क’ म्हणतात. पत्रा कापणारांचे नाव कोणी जोडीत नाही. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? लग्नातील घागरीवर, देवळातील घंटेवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते; घडविणाऱ्याचे क्वचितच. बॅरिस बंधूंचेच पाहा. थोरले सॅम हे हातोडीचे मनुष्य. १९५० च्या दशकातच त्यांनी ती कर्मशाळा सोडली व १९६७ साली ते वारले. धाकटे जॉर्ज हे बोलके, योजक व प्रसिद्धीचे मर्म जाणणारे. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘बॅटमोबाइल’मुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्या बॅटमोबाइलच्या पत्र्याचे पुष्कळसे काम बिल कुशनबेरी या कारागिरास सोपविले होते, हे कितीजणांस ठाऊक आहे? यात जॉर्ज यांस दोष देण्याचा हेतू नाही. काम मिळविणारा नसेल तर काम करणाराही उपाशी राहतो. परंतु इतिहास लिहिणाराने तरी दोन्ही नावे लिहावीत.

पुढे या विद्येस ओहोटी लागली. १९५५ साली शेव्हरोले कंपनीने हलके, जोरकस व्ही-८ इंजिन काढले. १९६० च्या दशकात कारखान्यातूनच अशा वेगवान गाड्या मिळू लागल्या की घरी इंजिनाशी झटण्याचे कारण उरले नाही. एड रॉथ यांनी १९५९ च्या ‘आउटलॉ’ गाडीचे शरीर फायबरग्लासचे केले. एकदा साचा केला की हातोडीस हात लावावयास नको. शिशाची जागा डब्यातून निघणाऱ्या रासायनिक लुकणाने घेतली. शाळांतून पत्र्याचे व मोटारीचे काम शिकविणारे वर्गही पुढील दशकांत एकामागून एक बंद पडले. तांब्यापितळेच्या आळ्यांत स्टेनलेस स्टीलने व प्लास्टिकने जे केले, त्याहून हे फारसे भिन्न नव्हे.

तथापि ही विद्या मेली नाही. १९७० साली पिओरिया येथे जुन्या धर्तीच्या गाड्यांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटातील पिवळ्या १९३२ च्या फोर्डने नव्या पिढीस वेड लावले. १९९७ साली पेबल बीच येथील प्रदर्शनात, जेथे तोपर्यंत राजेरजवाड्यांच्या व कोट्यधीशांच्या मोटारीच मिरवत, हॉट रॉडकरिता प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला व डोन स्पेन्सर यांच्या १९३२ च्या रोडस्टरने तो जिंकला. एमरी यांचे नातू रॉड एमरी आज कॅलिफोर्नियातच जुन्या पोर्शे गाड्यांचा पत्रा घडवितात. त्या देशी ज्ञातीचा धंदा असा नसतो. तरीही बाप, भाऊ, मेहुणा, नातू ही नाती या इतिहासात पदोपदी भेटतात. पण त्यांच्या जोडीने अनोळखी शेजारी, भट्टीशेजारी झाडू मारणारे पोर, शाळेतील शिक्षक हेही तितकेच भेटतात. ज्याने शेजारी उभे राहून पाहिले, त्याच्याकडे विद्या गेली. मग तो कोणाचा का असेना. आपल्या ज्ञातीत भट्टीशेजारी उभे राहावयास आज घरचीच मुले नाहीत, आणि बाहेरच्यांस आपण कधी बोलावले नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, याचा विचार कार्यकारिणीने अवश्य करावा.

आपल्या व त्यांच्या कामात एक भेद मात्र मोठा आहे. आपल्या मठारकामात हातोडीचा ठसा हाच भांड्याचा दागिना. ठशाशेजारी ठसा अशी एकसारखी रांग पाहूनच गिऱ्हाईक हात पुढे करते. हॉट रॉडच्या कारागिरास ठसा ठेवून चालत नाही. तो सर्व ठसे पुसून टाकतो, वर रंगाचे थर चढतात, आणि पृष्ठभाग असा आरशासारखा होतो की यास मनुष्याचा हात लागला होता हे कळूच नये. पण ज्या बाजूस रंग पोहोचत नाही, त्या बॉनेटच्या आतल्या अंगास, मडगार्डच्या पाठीस, आसनाखाली, वितळजोडाची रेघ व हातोडीचे टवके जसेच्या तसे राहतात. जुनी गाडी दुरुस्तीस आली की आजचे कारागीर प्रथम पत्रा उलटा करून, दिवा जवळ धरून ते टवके वाचतात.